गंजलेल्या गाडीचा सौदा

बाबांची उंच एसयूव्ही विकायची, हे आईच्या गुडघ्यांनी ठरवलं. त्या गाडीत चढायचं तर आईसाठी डिकीत एक प्लास्टिकचं स्टूल ठेवावं लागे. मी ते रस्त्यावर मांडायची, आई माझ्या खांद्यावर हात रोवून वर चढायची, आणि समोरच्या चहाच्या दुकानातले लोक चहा प्यायचे थांबायचे. एकदा ती स्टुलावरून घसरली. त्यानंतर तिने तिरुवैयारूला येणंच सोडलं. तिथे तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळून आहे. आधी दर शुक्रवारी आम्ही जायचो.

मला ठेंगणी गाडी हवी होती, दार उघडलं की आईला नुसतं बसता येईल अशी. काळही मला बरा वाटला. नव्या गाड्यांसाठी महिनोन् महिने थांबावं लागत होतं, आणि जुन्या गाड्यांचे भाव आभाळाला टेकले होते. आमच्या गाडीला गंज होता, चांगलाच होता. बाबांची शेवटची बदली नागपट्टणमला होती आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तिचं पोट खाऊन टाकलं होतं. पण भावांच्या या पुरात आमचाही पत्रा तरंगेल असं मला वाटलं. जी घ्यायची ती गाडीही त्याच पुरात तरंगते आहे, हे सोयीस्करपणे विसरले.

इथे आमच्या खरेदीची पद्धत सांगायला हवी. तंजावूरची आम्ही मराठी माणसं दुकानात दोन भाषांत वावरतो. दुकानदाराशी तमिळ, आपसांत मराठी. आई साडीच्या दुकानात तमिळमध्ये नाक मुरडायची, रंग उतरेल म्हणायची, आणि त्याच सुरात मला मराठीत सांगायची की घे, असा काठ पुन्हा मिळायचा नाही. दुकानदाराला वाटायचं, मायलेकी कुरकुरताहेत. आमच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. मुलांना देवनागरी वाचता आली नाही तरी चालतं, पण दुकानात कुठलं वाक्य कुठल्या भाषेत बोलायचं, ते मात्र लहानपणीच कळतं.

त्रिची रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या त्या आवारात आम्ही तसंच वागलो. मालक पन्नाशीचा, नेसलेली पांढरी वेष्टी, मऊ आवाज. त्याने आईला पंख्याखाली खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि गंजाबद्दल तमिळमध्ये विचारलं. मी तमिळमध्ये सांगितलं की वरवरचा आहे, बाकी गाडी भक्कम. मग आईला ऐकू जाईल असं मराठीत म्हटलं, मागच्या सीटखालची चटई उचलली नाही म्हणजे मिळवलं, खालून रस्ता दिसतो.

आई ऐकतच नव्हती. ती कोपऱ्यातल्या पांढऱ्या छोट्या गाडीत जाऊन बसली होती, दार उघडं, दोन्ही पाय जमिनीवर. बाबा गेल्यापासून तिचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. मी तिच्यापाशी गेले, मालकही मागोमाग येऊन शेजारीच उभा राहिला.

"मला हेच हुवं," ती आमच्या मराठीत म्हणाली. "किती का मागेना, दे. अक्का आहे तोवर तिला जाऊन पाहते. मग मला अस्की नक्को, सगळंच नक्को."

मालक कॉफीचा पेला हातात धरून रस्त्याकडे बघत होता. थोड्या वेळाने तो आमच्या गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं आणि सरळ ती चटई उचलली. मला वाटलं, मुरलेला माणूस आहे. आमच्या गाडीचा भाव त्याने भंगाराच्या जवळ नेऊन ठेवला. पांढऱ्या गाडीचा मात्र एक रुपया उतरवला नाही. कुंभकोणमहून उद्या कुणी बघायला येणार आहे, एवढंच म्हणाला. मी घासाघीस केली, पण भिंतीशी बोलल्यासारखी. शेवटी सही केली. निघताना त्याने स्वतः आईसाठी दार धरलं आणि तमिळमध्ये म्हणाला, जपून, अम्मा. घरी येईपर्यंत आई त्याचं कौतुक करत होती.

पुढे राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका घरच्या मुंजीला गेलो. आमच्यात यजमानांकडची माणसंच पंगतीला वाढतात. आईच्या पानापुढे कुणीतरी सांबाराचं भांडं घेऊन वाकलं.

"आणखी थोडं वाढू का, अम्मा?"

आमची मराठी, आमचाच हेल. वर पाहिलं तर तोच. मुंजीच्या मुलाचा मामा. आईचा हात पानावर तसाच थांबला. तो भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेला.

मी पान अर्धं टाकून उठले आणि हात धुवायच्या नळापाशी त्याला गाठलं. विचारलं की तोंडात मराठी होती तर तेव्हा गिळून का बसलात. तो चिडला नाही, हे चिडण्याहून वाईट.

"आवारात मराठी बोललो की आपली माणसं अस्की सूट मागतात," तो म्हणाला. "आणि तुम्ही तमिळमध्ये गाडी भक्कम म्हणालात, मराठीत खालून रस्ता दिसतो म्हणालात. मी कुठलं ऐकायचं?"

"गंजाचं राहू द्या. माझी अम्मा तिच्या अक्काबद्दल बोलली, तेही ऐकलंत ना?"

त्याने टॉवेलला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला. मग आतून कुणी हाक मारली आणि तो गेला.

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. परक्याने लुटलं असतं तर मी चार दिवस शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. हा शेजारी उभा राहून माझ्या आईच्या मनातलं ऐकत होता, आणि त्याच बोलण्याचा त्याने भाव लावला. व्यापाराचं त्याचं म्हणणं मला समजतं. समजतं म्हणून राग कमी होत नाही.

गाडी चांगली निघाली, याचाही मला राग येतो. दर शुक्रवारी आम्ही पुन्हा तिरुवैयारूला जातो. स्टूल लागत नाही. पण आई आता दुकानात माझ्याशी तमिळमध्येच बोलते, आणि भाव पटला नाही तर गप्प बसते. गाडीतसुद्धा काचा वर केल्याशिवाय मराठीत तोंड उघडत नाही.

गेल्या शुक्रवारी मावशीच्या खाटेपाशी तिची देखभाल करणारी बाई बसली होती, तिरुवैयारूचीच, तमिळ. आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मावशीला तमिळमध्ये विचारलं, झोप लागते का, जेवतेस का. जन्मापासून या दोघी एकमेकींशी मराठीत बोलत आल्या आहेत. मावशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी काय परकी का गे?" तिने विचारलं.

आईने तिची चादर सारखी केली आणि उत्तर दिलं. तेही तमिळमध्येच.