मेथीच्या काड्या आणि रजेचे नियम

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला माणूस होतो. तिसरी संधी शेवटची. ती हुकली की निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीत बसून, कालपरवा लागलेल्या पोरांना 'साहेब' म्हणायचं. मी पेटलोच! पिवळं मार्कर आणलं आणि नियमांचं पुस्तक असं रंगवलं की ते हळदीला बसल्यासारखं दिसू लागलं. चौथ्यांदा वाचून झाल्यावर छाती काढून स्वयंपाकघरात गेलो.

"सगळं डोक्यात आहे."

बायको मेथी निवडत होती. बँकेतली अशीच परीक्षा ती पूर्वी पहिल्याच फटक्यात पास झाली होती, आणि त्याचा उल्लेख ती मुद्दाम कधीच करत नसे. तिने माझ्या हातातलं पुस्तक घेऊन स्वतःसमोर उघडलं.

"बोल. रजा कधी नाकारता येते?"

मी हातवारे करत, आवाज चढवत सात कारणं सांगितली आणि टाळ्यांसाठी थांबलो.

"पुस्तकात चार आहेत," ती म्हणाली. "त्यातली दोन आली तुला. बाकी पाच तुझी."

"पण पटण्यासारखी होती ना?"

"झकास होती. म्हणूनच दोनदा वाट लागली तुझी."

खरं होतं. कुठलीही गोष्ट तिखटमीठ लावल्याशिवाय मला सांगताच येत नाही, आणि उत्तरपत्रिकेतही मी तेच करत आलो होतो.

मार्कर जप्त झालं. ऑफिसला जाताना माझी बस आरे कॉलनीच्या झाडीतून जाते. बसमध्ये चढलो की एक प्रकरण वाचायचं. झाडी सुरू झाली की पुस्तक बंद, आणि झाडी संपेपर्यंत आठवेल ते कोऱ्या कागदावर. मग पुस्तक उघडून ताडायचं. चुकलेलं दोन दिवसांनी पुन्हा, नंतर आठवड्याने आणखी एकदा. शेजारचे प्रवासी माझ्या पुटपुटण्याला घाबरून सरकून बसत. मला ऐसपैस जागा मिळे.

संध्याकाळी तोंडी परीक्षा. खऱ्या मुद्द्याला मेथीचं पान पातेल्यात, मी रचलेल्याला काडी ताटात. मेथी नसली की मटार: दाणा आणि साल. पहिल्या आठवड्यात काड्यांचा डोंगर झाला.

"आज काड्यांचीच भाजी करू का रे?" ती विचारायची. मी दातओठ खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तीन महिने. एकही दिवस सोडला नाही.

परीक्षेत नेमका रजेचाच प्रश्न आला. चार कारणं लिहिली. तेवढ्यात पाचवं, अतिशय देखणं कारण पेनाच्या टोकाशी येऊन मुजरा करू लागलं. मला ताटातली काडी दिसली. पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी दारातूनच ओरडलो, "पास!"

"पुस्तकातलं आहे ना हे? की तुझं?"

मी फोन तिच्या हातात दिला. "ताडून बघ."

तिने माझा बैठक क्रमांक एकेक आकडा करत तपासला. मग एक मटार सोलला आणि दाणा पातेल्यात टाकला.