बसा म्हणू नका

सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीचा कागद वाचला आणि म्हणाले, "दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात." मी त्यांच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो. समोर खुर्ची रिकामी होती. "उभेच राहा," ते म्हणाले. "पाय कधीपासून असं करतात?"

पायांबद्दल असं आधी कुणी विचारलंच नव्हतं.

वर्षभर संध्याकाळ झाली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायचं. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. चाललं की थांबायचं, बसलं की पुन्हा सुरू. उमरग्याच्या वैद्यांनी वात ठरवून तेल दिलं. माझी बायको सुमन म्हणायची, "आवो, जरा बसा की. पायाला भिंगरी लागली का काय?"

मी सहकारी सूतगिरणीचा संचालक. दुष्काळाचं साल. गिरणीचा पाया तेवढा खणून झाला होता, सभा मात्र जोरात चालायच्या. अध्यक्षांचं भाषण रंगात आलं की मी उठून बाहेर पडायचो. असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांचा माणूस घरी आला.

"आण्णा, सायबांवर नाराज हाव का?"

"नाराज न्हाय. पाय बसू देत न्हाईत."

त्यानं डोळा बारीक केला. "कळलं. आनखी किती पाय हाईत तुमच्या बाजूनं?"

पुढच्या सभेत मला उपाध्यक्ष केलं. आता बसायला व्यासपीठावरच खुर्ची मिळाली.

डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, म्हणजे पाय स्वस्थ न बसणं. किडनीनं गाळायची घाण रक्तातच साचते, तो युरेमिया. अंगातलं रक्तही कमी होतं. अशा काही रोग्यांचे पाय मग असे छळतात.

"नवी किडनी बसली तर बहुधा थांबेल," ते म्हणाले. सुमनची जुळली नाही. दुसरं देणारं कुणी नव्हतं. राहिलं पुण्याचं डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त धुणं. त्यानं मरण लांबतं. पाय आहेत तसेच आहेत. पाणीही मोजून प्यायचं. गावाला टँकरनं मोजून मिळत होतं, मला डॉक्टरांनी मोजून दिलं.

घरात कुणाला संध्याकाळी बसवत नसेल, तर 'बसा' म्हणू नका. रक्त तपासून घ्या. प्रत्येक वेळी किडनीच निघेल असं नाही. पण माझं वर्ष तेलात गेलं.

एकदा अध्यक्ष हार घेऊन पुण्याला आले. रक्त धुणं चालू होतं; माझ्या हाताला नळ्या, उठायची सोय नाही. खुर्चीत बसून ते सहकारावर बोलले, आणि त्यांचं भाषण मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

निघताना म्हणाले, "बघा, आता कसे शांत पडलात."

पलंगाच्या पायथ्याशी सुमन उभी होती. चादरीखाली तिनं माझ्या दोन्ही पोटऱ्या गच्च धरून ठेवल्या होत्या.