भात्याची छाती

काचेच्या भट्टीवर त्याला सगळे ‘भाता’ म्हणत. चौदाव्या वर्षी कामाला लागला तेव्हा मात्र तो नुसता काडीपैलवान होता. नळीच्या टोकाला तापल्या काचेचा गोळा घेऊन फुंकायचं म्हणजे छातीत हवा पाहिजे, आणि ती याच्यापाशी नव्हती. म्हाताऱ्या कारागिरानं उपाय सांगितला. त्यालाही तो कुणीतरी असाच सांगितला होता. गांजाचा झुरका घ्यायचा, तोंड मिटायचं आणि बाकीचे वीस आकडे मोजेपर्यंत धूर सोडायचा नाही.

“फुगा ताणल्याशिवाय मोठा होतो का रे? छातीचंही तसंच.”

डोळ्यांतून पाणी काढत, ठसकत पोरगा शिकला. वर्षभरात चाळिसापर्यंत पोचला. त्या वयात छाती भरायची ती भरतेच, श्रेय मात्र चिलमीनं घेतलं.

पुढं दिव्याची मोठी हंडी एका श्वासात फुगवणारा भट्टीवर तो एकटाच. मोठं काम आलं की आधी चिलीम, मग नळी. नव्या मुलांनाही तो हाच उपाय शिकवी. बहिणीचा मुलगा सोळाव्या वर्षी भट्टीवर आला, त्यालाही यानंच शिकवलं, आणि तेही मोठ्या मायेनं.

खोकला कधी सुरू झाला हे त्याला सांगता आलं नसतं, बायकोला आलं असतं. रोज सकाळी मोरीशी उभा राहून तो अर्धा तास खाकरे.

“अहो, शेजारीण तुमच्या खोकल्यावर मुलांना शाळेला उठवते. घड्याळाला चावी द्यायची सोडलीय तिनं.”

“भट्टीची धग असते गं,” तो म्हणे आणि उतारा म्हणून आणखी एक झुरका घेई. झुरक्यानं घटकाभर खरंच मोकळं वाटे. फसगत होती ती तिथंच.

सेहेचाळिसाव्या वर्षी एका हंडीत मधेच त्याचा श्वास तुटला. हंडी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पापुद्र्यासारखी. दुसरीचंही तेच झालं. तिसरी मालकानं फुंकूच दिली नाही.

“भात्या, डॉक्टरची चिठ्ठी आण. तोवर नळीला हात लावायचा नाही.”

नळी गेली की उरतं ते खोक्यांत काच भरायचं काम. दुसऱ्यानं फुंकलेली काच कागदात गुंडाळायची, हे त्याला मान्यच नव्हतं. तपासणीला जाताना छाती मोकळी असावी म्हणून इस्पितळाच्या मागं उभं राहून त्यानं दोन झुरके मारले आणि मग यंत्रात फुंकायला बसला.

“जोरात काका, जोरात! अजून, अजून, सोडू नका!” समोरची मुलगी ओरडत होती. फुंकण्यावर ज्याचा संसार उभा राहिला, त्याला एक पोरगी फुंकायला शिकवत होती आणि त्याला ते जमत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडापुढं धरला. फुप्फुसांच्या शेंड्यांशी काळे गोल दिसत होते.

“हे हवेचे फुगे. आतल्या बारीक भिंती मोडून झालेत. फुंकायला जोर लावलात तर फुटायची भीती आहे.”

“भिंत पातळ झालीय,” तो हळूच म्हणाला. “परत गोळा करून तापवताही येणार नाही.”

“नाही येणार. धग, काचेची धूळ, धूर, कुणी किती खाल्लं ते मला वाटून सांगता येत नाही. पण धूर थांबवणं तुमच्या हातात आहे. झुरका आत कोंडून धरायचात?”

“चाळिसापर्यंत.” आवाजात अजून थोडा अभिमान होताच.

त्यानं चिलीम सोडली. झोप उडाली, जेवण जाईना, भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं आणि मग स्वतःच फरशी पुसत बसला. बायकोनं सगळं पोटात घातलं. दीड महिन्यात खोकला थांबला. मोरीशी नुसतं चूळ भरून तो परत आला, तेव्हा तिनं अजून चहा गाळलाही नव्हता. दोघांनाही वाटलं, सुटलो.

चिठ्ठी आणायला तो नवा सदरा घालून गेला.

“खोकला गेला, उत्तम झालं,” बाई म्हणाल्या. “आता निदान वाढणार नाही, अशी आशा धरू. पण फुगे आहेत तिथंच आहेत. नळी विसरा.”

तो तसाच भट्टीवर गेला. त्याची नळी मालकानं भाच्याला दिली होती. मोठ्या हंडीचं काम होतं. उपड्या खोक्यावर बसून भाचा चिलीम भरत होता, आणि भरताभरता खोकत होता.

“सोड ते,” हा म्हणाला. “मी चुकीचं शिकवलं तुला.”

“मामा, तुमचा खोकला गेला ना?”

“गेला.”

“इतक्या वर्षांचा खोकला दीड महिन्यात गेला! मग मला कसली घाई? पोरांची लग्नं झाली की सोडीन.”

सगळी भट्टी हसली. खोकला गेला म्हणजे छाती परत आली असं नसतं, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण वाक्य लांब होतं. श्वासासाठी त्याला मधे दोनदा थांबावं लागलं, आणि तोवर भाचा नळी उचलून आगीपाशी गेला होता.