मन मोकळं करण्याची हजेरी

मिल बंद पडली आणि बाबांनी मिलचं नाव काढणंही सोडलं. तिथे ते टाइमकीपर होते. जन्मभर दुसऱ्यांची हजेरी घेतली. आता दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, ताट पुढ्यात तसंच. हा माणूस असाच बसल्या बसल्या संपणार, अशी मला धास्ती होती.

आई घाबरली की समोरच्याला कामाला लावते. सीमेपलीकडच्या सिंधमधून घरदार सोडून आलेली, नागरिकत्वाची वाट बघणारी काही कुटुंबं आमच्या मोहल्ल्यात होती. आपल्या मनाला आपणच कसं सावरावं, अशी एक हिंदी पुस्तिका कुठल्याशा संस्थेने त्यांच्यासाठी काढली होती. ती वाचून दाखवायला माणूस हवा होता. आईने परस्पर बाबांचं नाव देऊन टाकलं आणि सोबतीला मला धाडलं.

वर्ग धर्मशाळेच्या एका खोलीत भरायचा. बाबा तिथे गेले ते नवं मस्टर घेऊनच. जित्याची खोड! रोज दहाला हजेरी, उशीर झाला की लाल शाई. खोल श्वास घ्यायचा तोही त्यांच्या शिट्टीवर. एक काका बोलता बोलता रडायला लागले, तर बाबा घड्याळ बघून म्हणाले, "रोना पाँच मिनट, फिर अगला नंबर." तरी खोली खचाखच भरायची. बाबा दोन पोळ्या जास्त खाऊ लागले.

महिन्याभराने एका बाईंनी मला हळूच विचारलं, नवऱ्याला ताप आहे, आज खाडा पडला तर व्हिसाचे कागद अडकणार नाहीत ना? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरकारी कचेऱ्यांच्या चकरा मारून पोळलेली माणसं ती. मस्टरमध्ये त्यांना सरकारच दिसत होतं. सगळे धाकाने येत होते.

मी बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी, या हजेरीचा व्हिसाशी काही संबंध नाही, असं वर्गात सांगून त्यांनी मस्टर मिटलं. तिसऱ्या दिवशी खोली रिकामी. माझा मलाच राग आला.

साडेदहाला एक म्हातारी आली, वर्गातली सगळ्यात बेशिस्त. बाबांनी सवयीने पुस्तिका उघडली. तिने ती मिटून बाजूला ठेवली.

"साईं, महीना भर हमने सुनाया," ती म्हणाली. "आज तुम बोलो. मिल में क्या करते थे?"

बाबांनी हातातलं घड्याळ काढून ठेवलं. मग पहिल्या पाळीतल्या माणसांबद्दल सांगू लागले, एकेकाचं नाव घेऊन. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. चष्मा काढून ते मला म्हणाले, "तू घरी जा. आईला सांग, मला उशीर होईल."