मेलं कोण ते आधी सांग

तुमचे बाबा पाचवीत असतानाची गोष्ट. मी धुळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि अहिराणी माझी घरची बोली. म्हणून पुण्याहून भाषेच्या अभ्यासाला आलेल्या एका मुलीबरोबर दुभाषी म्हणून पिंपळनेरकडच्या एका गावी गेले. तिच्याआधीचे अभ्यासक हात, पाय, पाणी, आग असे शब्द विचारून, कागद भरून परत जात. हिला माणसं जगताना बोलतात ती भाषा टेप करायची होती: बाजारातली घासाघीस, भांडण, अंगाई, मयतीतलं रडणं.

ज्या म्हातारीकडे बसलो तिला गाव अक्का म्हणे. भांडण मागितल्यावर ती हसली.

“भांडन पाहिजे? मंग मनी वहूले बलाव!”

सुनेनंही कसर ठेवली नाही. कॅसेटची एक बाजू भरली.

मग मुलीच्या कागदावरचा पुढचा इंग्रजी शब्द वाचून मी ‘मयतीचं गाणं’ म्हणाले. चूक माझीच.

“गानं?” अक्काचा चेहरा उतरला. “मयतमा गानं कोन म्हनस? बाया रडतस. मरेल कोन शे, ते सांग पहिले.”

मुलगी म्हणाली, कुणीही धरा. पण माणूस ठरल्याशिवाय रडणं उठत नाही, आणि अक्काचा मुलगा ट्रक घेऊन सुरतेला गेलेला. कालच यायचा होता, आला नव्हता. सून दारातून हलेना. त्या घरातलं कुणाचंही नाव घ्यायला अक्का तयार नव्हती.

मी शिकलेली. म्हणाले, “अक्का, मना नाववर रड.”

तिनं लेकरं किती, विचारलं. एकच मुलगा, मी सांगितलं. तिनं पदर पुढे ओढला.

“माय व, तुना आंडोर दूर देसमा, तुले खांदा देवाले कोन ई व…” आंडोर म्हणजे मुलगा.

कोण गेलं म्हणत शेजारच्या बायका धावत आल्या आणि मला जिवंत बसलेली पाहून उंबऱ्यातच थबकल्या. एक तर डोळे पुसतच उभी राहिली.

टेप मध्येच संपली होती. मुलीनं पुन्हा एकदा रडायला सांगितलं.

“एक मानूस दोनदा मरस का?” अक्का म्हणाली, आणि कळशीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

दुपारी ट्रक आला. मुलगा सुखरूप होता. मी ओल्या लुगड्यानं निघाले, ‘येते’ म्हणाले; अक्का गप्प राहिली. मयतीहून निघणाऱ्याला कुणी ‘ये’ म्हणत नाही. मुलगी बसमध्ये कॅसेटची नोंद लिहीत होती. ‘कोणासाठी’ या रकान्यात तिनं माझं नाव नीट, वळणदार अक्षरात घातलं.

त्या हिवाळ्यात तुमच्या बाबांच्या शाळेची सहल वेरूळला निघाली. मी त्यांना पाठवलं नाही. खोकला आहे, असं शाळेत सांगितलं. पुढे ते तिकडे परदेशी यायला निघाले तेव्हा परीक्षा झालेल्या, नोकरी मिळालेली, तिकीट हातात. अडवायला मला कारण सापडेना.