नरम गाठीचा भरवसा

ये पोरी, अशी जवळ सरक. नाव लिहीत नाही तुझं, तुझ्या सासरीही पेपर येतो. पण रागावले आहे मी तुझ्यावर. सुशीलाच्या तेरवीला आलीस, मला चुलीमागं नेलंस, माझा हात धरून आपल्या छातीतल्या गाठीवर ठेवलास आणि म्हणालीस, "काकूची नरम निघाली होती, तरी ते गेलीच ना? मंग मशीन काय कामाची?" उत्तर ऐकायला थांबलीसुद्धा नाहीस, गाडी आली म्हणून पळालीस. ते उत्तर आज लिहिते...

सुशीला माझी धाकटी जाऊ. पिंपळगाव राजात आमच्या चुली दोन, अंगण एक. आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली, तेव्हा तिनं ती महिनोन् महिने पदराखाली दडवली. लोखंड टोचलं की गाठ अंगभर पसरते, अशी आमच्याकडं समजूत. शेवटी मी तिला खामगावला डॉक्टरीणबाईंकडं ओढतच नेलं. "सुई काढली तं मी उठून येईन," तिनं वाटेतच बजावलं. बाईंनी सुई काढलीच नाही. सोनोग्राफीचीच मशीन, पण त्या गाठीवर हलके हलके दाबून पाहत होत्या. मऊ गाठ दबते, कठीण दबत नाही, आणि तो फरक पडद्यावर रंगानं दिसतो. इलॅस्टोग्राफी म्हणतात त्याला. सुशीलाच्या जिभेवर तो शब्द कधी बसला नाही. ती म्हणाली, "म्हंजे गाठोडं न सोडता समजते, आत कापूस हाय का गोटा?" बाई हसल्या. "अगदी तसंच. तुमचा कापूस आहे, कडाही साफ आहेत. सुईनं तुकडा काढून तपासायची गरज नाही. पण सहा महिन्यांनी परत दाखवायचं."

त्यानंतर तिला जणू वेडच लागलं. गावातली कोणी गाठ लपवून बसली आहे असं कळलं की गुरुवारी तिला घेऊन निघायची. घरी सांगायचं, शेगावले दर्शनाले चाललो. खामगावला उतरून आधी गाठ दाखवायची, मग खरंच शेगावला जाऊन प्रसाद घ्यायचा. सुशीला म्हणे, "महाराजाच्या नावानं खोटं नाई बोलाव. अर्धंच बोलाव." बहुतेकींच्या गाठी मऊ निघाल्या, सुई टळली. एकीची कठीण निघाली. ती तिथंच हातपाय गाळून बसली, तर सुशीलानंच दटावलं, "मशीननं सुई सांगतली तं सुई घ्याची वं. साऱ्याइले माफी नसते." ती बाई आज शेतात निंदायला जाते, धडधाकट.

आणि हीच सुशीला स्वतः परत गेली नाही. सहा महिने उलटले, वर्ष उलटलं. मी टोकलं की म्हणे, "माही झाली ना एकदा. नवस फेडल्यावर कोणी दुसऱ्यांदा फेडते काय?" त्याच दारापर्यंत जायची, दुसरीला आत ढकलायची आणि आपण बाहेर बसायची. पुढं त्याच बाजूला दुसरी गाठ आली. तिच्या हाताला ती लागली, पण तिनं ती जुनीच समजली. मला दाखवली तेव्हा वरची कातडी आत ओढली गेली होती... मग सुई झाली, अकोल्याच्या खेपा झाल्या, सगळं झालं. उशीर झालेला होता. जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "मशीनले दोष नका देऊ बाई. मी तिले दुसरी गाठ दाखोलीच नाई."

ऐकलंस? मशीन त्या दिवशीचं खरं सांगते. सुशीलानं ते जन्माचं धरलं.

दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर ती मला अजून दिसते. आत जाताना बायांना गळ्यातलं काढावं लागे, आणि सवाष्णीची पोत टेबलावर कशी ठेवायची? सुशीला ती आपल्या गळ्यात घालून बसे. एकदा एक म्हातारी फणकारली, "विधवेच्या गळ्यात सवाष्णीचं डोरलं?" सुशीला म्हणाली, "टेबलावर थंड पडते मावशी. माह्यापाशी गरम राहीन." तपासून आलेली बाई ती ऊबदार पोत गळ्यात घाले आणि तिची निम्मी भीती तिथंच सरे.

माझाही गळा तसाच मोकळा आहे, पोरी. बाहेर बसायला मी आहे. सोबत कोणी नाही म्हणून घरी बसू नकोस... ये. या गुरुवारीच ये.