ती माफी परत घ्या

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी फाट्यावर थांबली आणि आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या पायरीवर एक पाय ठेवून प्रार्थना सुरू केली. गाडी हलू नये म्हणून पाय, आणि मुलगी सुखरूप राहावी म्हणून प्रार्थना. आतले लोक कुरकुरायला लागले. कंडक्टर देवगाव रंगारीचे एक चाचा होते. त्यांनी बेलच्या दोरीवरचा हात काढला आणि मागं बघून म्हणाले, "होने दो ना भाई, बाप है उसका." आमेन झाल्यावर दादांनी मला एवढंच सांगितलं, "वाचशील तसं वाग. वागायचं नसंल तर वाचू नको, उगं डोळे कशाला खराब करायचे." आईनं भाकरीचा डबा खिडकीतून आत दिला आणि गाडी हलेपर्यंत पदरानं खिडकीची काच पुसत राहिली.

हे मी गावात मागं राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं उठून शहरात आलेल्यांसाठीही. मी आणि माझा नवरा दोघंही शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत लागलो. कंपनीची बस, शिफ्ट, सेफ्टी शूज, मग भाड्याची खोली, मग कर्जाचा फ्लॅट. संभाजीनगरला आई अजून औरंगाबादच म्हणते, आणि मीही तिच्याशी बोलताना तेच म्हणते. शहरानं मला पुष्कळ दिलं, ते नाकारत नाही. पण एका गोष्टीची मला शिसारी बसली ती बसलीच, आणि ती मी आज सांगणार आहे.

गावाकडं आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. पत्र्याचं छत, शेणानं सारवलेली जमीन, आणि घंटा म्हणून टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकर आई करायची, बिनमिठाची, आणि द्राक्षरस म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांचं पाणी. पण खरा दिवस आदला, शनिवारचा. त्या संध्याकाळी लोक मिटवायला निघत. कारण शास्त्रात येशूनं सांगून ठेवलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्या लोकांनी ते शब्दशः घेतलं होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दादांचं आणि चुलत्यांचं वाजलं होतं, तेव्हा मी दादांचं बोट धरून गेलेली आठवते. दादा दारात उभे राहून म्हणाले, "मिटवाया आलो." चुलते म्हणाले, "बस." झालं. चूक कुणाची, हे कुणी काढलं नाही. मिटवायला येणारा म्हणजे चुकलेला, असं आमच्याकडं कुणी समजतच नसे. ज्याला आधी वचन आठवलं तो आधी चालत यायचा.

इथली मंडळी, म्हणजे चर्चची सभा, मोठी. एसी हॉल, कीबोर्ड, प्रोजेक्टरवर गाण्याच्या ओळी. पहिल्यांदा गेले तेव्हा मला भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. भाकरीऐवजी पाकिटातली वेफर, म्हणजे पापडासारखी पातळ चकती, आणि झाकण लावलेले एवढुसे कप. आणि शनिवार मोकळा. मिटवणं नाही, त्याच्याऐवजी साक्ष. रविवारी ज्याला वाटेल त्यानं पुढं यावं, माइक धरावा आणि प्रभूनं आपल्याला कसं मोडलं, कसं रडवलं, ते सांगावं. लोक टाळ्या वाजवत. रडणारा डोळे पुसून जागेवर जाई, आणि ज्याच्याशी तो वाईट वागला होता तो माणूस तिसऱ्या रांगेत बसलेला असे. त्याच्याकडं कुणी बघतही नसे. पश्चात्तापाचा कार्यक्रम झाला होता, आता पुढचं गाणं.

दादा गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. तिला नुसतं बसवत नाही. त्या पाकिटांची तिला दया यायची. "वाण्याच्या दुकानातली भाकर प्रभूला?" असं म्हणून तिनं पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्रींच्या, मागं लागून निदान खरे कप तरी आणायला लावले. ते धुण्याचं काम मग तिचं झालं. दर प्रभुभोजनानंतर ती हॉलमागच्या बेसिनपाशी उभी राहून कप घासायची आणि खुशीत असायची.

मंडळीचे सेक्रेटरी सुमंतराव. चांगल्या पगारावरून निवृत्त झालेले, आवाज भरदार, बायबलची वचनं जिभेवर. त्यांच्या पत्नी करुणाबाई. एका रविवारी करुणाबाईंनी हात धुताना अंगठी काढून बेसिनच्या कडेला ठेवली, असं त्यांना वाटत होतं, आणि घरी गेल्यावर ती सापडेना. बेसिनपाशी नंतर कोण होतं? आई.

कुणी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी सुमंतरावांनी माइकवर डोळे मिटून प्रार्थना केली, की हे प्रभू, आमच्यातल्या ज्या कुणी ती वस्तू घेतली असेल त्या व्यक्तीला पश्चात्तापाची बुद्धी दे, ती व्यक्ती गरिबीतून आली असेल, तिला क्षमा कर. अख्ख्या हॉलनं आमेन म्हटलं. आईनंही म्हटलं. चोरीचा आळ देवाच्या नावानं पाकिटात घालून, वर झाकण लावून दिला होता, आणि माझी आई त्याला आमेन म्हणत होती.

आपल्याविषयी लोकांच्या मनात काहीतरी आहे, हे आईला उशिरा उमगलं. आठवड्यात कुणी फोन उचलेना, बायका वळून बघेनात, कपांच्या कामावर दुसरी बाई आली. मग पहिला रविवार जवळ आला तशी ती अस्वस्थ झाली. शनिवारी संध्याकाळी तिनं पातळ बदललं आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"सेक्रेटरीच्या घरी. त्यांच्या मनात माझ्याविषयी कायतरी हाय. मिटवून येते."

मी चिडले. म्हटलं, तू काही केलेलं नाहीस, त्यांनी यावं. ती म्हणाली, "कोण चुकलं ते शास्त्रात नाय विचारलं. मनात हाय का, एवढंच विचारलंय." मला तिच्या या साधेपणाचाही राग येतो, आजसुद्धा येतो. पण मी तिला रिक्षात बसवून दिली.

ती हसत परत आली. त्यांनी चहा दिला होता. सुमंतरावांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती, आणि आम्ही तुम्हाला माफ केलं म्हणाले होते. आईला वाटलं, शहरात बोलायची रीत तशी असेल. दुसऱ्या दिवशी सुमंतराव माइकवर म्हणाले, "काल एका बहिणीनं आमच्या घरी येऊन मन मोकळं केलं. मी नाव घेणार नाही. प्रभूची स्तुती असो." टाळ्या झाल्या. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या माना आमच्या बाकाकडं वळल्या होत्या. आईनं समाधानानं वेफर घेतली, कप घेतला. बाहेर पार्किंगमध्ये एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "फार बरं केलंत हो. आता ती अंगठीही देऊन टाका, म्हणजे झालं."

आईनं हात सोडवून घेतला आणि ती रिक्षात बसली. घरी आल्यावर पिशवी भरली. सोमवारच्या एसटीनं ती गावी गेली. कुणाला नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाली, "मी मिटवाया गेले व्हते गं. त्यांनी कबुली धरली."

पुढं सुमंतरावांनी गाडी सर्व्हिसिंगला दिली. मेकॅनिकनं पुढची सीट काढली, आणि अंगठी खाली निघाली.

मला वाटलं, आता हा माणूस जमिनीत तोंड लपवेल. त्यानं काय केलं, तर साक्ष दिली. प्रोजेक्टरवर अंगठीचा फोटो लावला. हरवलेल्या नाण्याची गोष्ट सांगितली, त्या बाईनं घर झाडून नाणं शोधलं आणि शेजारणींना बोलावून आनंद केला, तसा तुम्ही सगळे आमच्या आनंदात सहभागी व्हा म्हणाला. विश्वासानं केलेल्या प्रार्थनेचं उत्तर मिळालं म्हणाला. हालेलुया, हालेलुया. करुणाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. पाचशे रुपयांची थाळी खाऊन उठावं तसे लोक तृप्त चेहऱ्यानं बाहेर पडले. आईचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही. मी घरी येऊन उलटी केली. हे अलंकारानं लिहीत नाही, खरंच केली.

पुढच्या रविवारी मी सुमंतरावांना पार्किंगमध्ये एकटं गाठलं. म्हटलं, "माझ्या आईचं नाव स्वच्छ करा. जिथं मळवलंत तिथंच, माइकवर." ते म्हणाले, "आम्ही कुणाचं नाव घेतलं होतं का, बेटा? आईंना सांग, आमच्या मनात काही नाही. आम्ही तेव्हाच माफ केलंय." संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. गुलाबाचं फूल, जोडलेले हात, आणि क्षमेवरचं एक वचन. मी फोन उशीखाली कोंबला. दादांचं बायबल आणि या माणसाचं बायबल एकच आहे, या विचाराची मला घाण वाटली.

ठरवलं, आता आपणच माइक धरायचा. सगळं सांगायचं आणि त्या हॉलमधून कायमचं बाहेर पडायचं. त्याआधी आईला सांगावं म्हणून गावी गेले. आई कणीक मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी एकट्याला सांगितलं का?"

"सांगितलं. ऐकत नाही."

"मग एक-दोघांना संगं घेऊन?"

शास्त्रात तसा क्रम आहे. भावानं अपराध केला तर आधी एकांतात सांग, ऐकलं नाही तर एक-दोन जण बरोबर घे, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मी म्हटलं, "तिथं माझ्याबरोबर कोण येणार आहे, आई?"

"मी हाय ना," ती म्हणाली, आणि हात धुतले.

मला हसूच आलं. जिच्यावर आळ तीच साक्षीदार. पण ती वाद घालायला बसली नव्हती, चपला शोधत होती. आम्ही शनिवारी संध्याकाळी सुमंतरावांच्या दारात उभ्या राहिलो. दार उघडल्यावर ते "या, या बहीण" म्हणाले, करुणाबाई मागं आल्या. मी पार्किंगमधलं सगळं पुन्हा सांगितलं. ते सोफ्याकडं हात करत राहिले. मग आई बोलली, अगदी हळू.

"मागल्या बारीला मी मिटवाया आले व्हते. तुम्ही मला माफी दिली. ती चुकून माझ्याकडं आली. ती परत घ्या."

सुमंतराव काहीतरी वचन म्हणायला गेले आणि त्यांना ते आठवेना. पहिल्यांदाच तसं झालं असावं. "बसा, चहा घ्या," ते म्हणाले.

"चहा नको. चहा तवाच झाला," आई म्हणाली, आणि आम्ही जिना उतरलो. रिक्षात बसल्यावर तिनं मला सांगितलं, "आता उद्या मंडळीला सांग. आता बसतंय शास्त्रात."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, रडले नाही. माझ्या आईनं अंगठी घेतली नव्हती, ती तुमच्या दारी आली कारण तसं लिहिलंय, आणि तुम्ही तिला चोर ठरवलंत. टाळी एकही वाजली नाही. सुमंतरावांनी घसा खाकरून पुढच्या गाण्याचा नंबर सांगितला, लोक भराभर उभे राहिले, कीबोर्ड सुरू झाला. मी जागेवर आले तेव्हा करुणाबाई आपली पहिली रांग सोडून आमच्या बाकापाशी उभ्या होत्या. त्यांच्या बोटात अंगठी नव्हती. गाण्याच्या आवाजात त्या आईला म्हणाल्या, "मिटवायला आले."

आई बाकावर जरा सरकली. "बस," म्हणाली.

पहिला रविवार होता. प्रभुभोजनाचं ताट आलं तेव्हा त्या दोघींनी घेतलं. मी न घेता पुढं दिलं. माझं आणि सुमंतरावांचं अजून मिटलेलं नाही, आणि त्यांचा चेहरा आठवला की मला आजही शिसारी येते. आई गावी परतली. आता इथं शनिवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली की माझा हातातला घास थांबतो. बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो. गाव तेवढं माझ्यात राहिलंय. माझ्यासारखे निघून आलेले जे कोणी असाल, तुमच्या घराची खूण काय आहे मला ठाऊक नाही, माझी ही आहे.

आईचा फोन शनिवारीच येतो. भाकर भाजता भाजता विचारते, "आला का तो मिटवाया?"

"नाही."

"मग तू कवा जाणार?"

मी विषय बदलते. फोन ठेवला की चपलांकडं बघते.